ताणा गिरणीचा, बाणा घरच्या मेंढ्यांचा

गेल्या डिसेंबरात इंदूरमध्ये भरलेल्या एका हस्तकला प्रदर्शनातून मी हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या लोकरीचे एक कांबळे विकत घेतले. गाळ्यावरचा मुलगा त्याला ‘गरदू’ म्हणत होता. किंमत ५,२०० रुपये, लांबी नऊ फुटांना चार बोटे कमी, रुंदी पावणेपाच फूट आणि वजन तीन किलोंच्या आतबाहेर. मालव्याची थंडी हिमालयाच्या मानाने काहीच नाही, तरी जानेवारीत लोकमान्य नगरातल्या आमच्या जुन्या घराच्या फरशीतून ती जी वर चढते, तिला गिरणीची मऊ ब्लँकेटे पुरी पडत नाहीत. दोन महिने हे कांबळे रोज अंगावर घेऊन झाल्यावर मी हे लिहीत आहे. कांबळे उत्तम आहे, घेण्याजोगे आहे आणि त्याची किंमत जास्त नाही, हे आधीच सांगून टाकते. मात्र ते घेताना आपल्या हाती नेमके काय येते, हे त्याच्यावरच्या चिठ्ठीत कुठेही लिहिलेले नाही आणि माझ्या मते ग्राहकाला ते कळणे फार गरजेचे आहे.

प्रथम वस्तूविषयी. कांबळ्यावर पांढऱ्या आणि काळपट तपकिरी रंगांचे मोठे चौकडे आहेत आणि हे दोन्ही रंग मेंढ्यांच्या अंगचेच असल्यामुळे धुताना पाण्यात रंगाचा थेंबही उतरला नाही. हिमाचलातले घरगुती माग अरुंद असतात, त्यामुळे एवढ्या रुंदीचे कापड एका वेळी विणता येत नाही. दोन लांब पट्टे विणून ते मधोमध हाताने जोडतात, आणि ती शिवण कांबळ्याच्या पाठीच्या कण्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. विणल्यानंतर कापड गरम पाण्यात घालून पायांनी चांगले तुडवतात. त्यामुळे धागे आटून एकमेकांत मुरतात, विणीची छिद्रे बुजतात आणि वारा आत शिरत नाही. हे काम या कांबळ्यात मनापासून केलेले आहे. पहाटे गच्चीवर ते पांघरून बसले असता उत्तरेचा वारा तोंडाला झोंबत होता, पण खांद्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. लोकर मानेला टोचते, हे खरे आहे. आत पातळ सुती चादर घेतली की तो प्रश्न उरत नाही, आणि हे टोचणेच देशी मेंढीच्या लोकरीची खूण आहे, हेही लक्षात ठेवावे.

माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याने कांबळे हाती घेताच नाकाशी धरले आणि म्हणाली, “अगं, ही तर आपल्या आजोबांची घोंगडीच आहे.” आमच्या पणजोबांच्या वेळेपासून ट्रंकेत असलेल्या, चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेल्या काळ्या घोंगडीला जो वास होता, तोच ओलसर, तेलकट, उबदार वास याला आहे. त्यानंतर काही दिवस ते कांबळे आत्याच्याच पलंगावर राहिले आणि मला ते मागून घ्यावे लागले.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले, तिच्याकडे येते. गाळ्यावरचा मुलगा पंचविशीतला, चंबा जिल्ह्यातल्या भरमौरकडचा, चंब्याच्या कॉलेजात शिकलेला होता. मी त्याला सहज विचारले की सूत घरचेच आहे का. दुसरा एखादा विक्रेता चटकन ‘हो’ म्हणाला असता. या मुलाने कांबळ्याचा कोपरा उलटा करून माझ्या बोटांत दिला आणि म्हणाला, “आंटीजी, उभा धागा चाचपून बघा आणि मग आडवा.” उभा धागा, म्हणजे ताणा, सारखा, गुळगुळीत आणि बारीक लागला, आडवा बाणा मात्र कुठे जाड, कुठे बारीक, मधूनच गाठाळलेला. ताणा गिरणीच्या सुताचा होता आणि बाणा त्याच्या घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचा, तकलीवर हाताने कातलेला. त्याची आजी होती तोवर दोन्ही धागे घरचे असत. आता आई विणते, पण कातायला माणसे उरली नाहीत. वडील अजून मेंढ्यांमागे चालता चालता तकली फिरवतात, तेवढ्या सुतात बाणा कसाबसा भागतो.

मला त्याच्या प्रामाणिकपणाचे फार मोल वाटले. पण घरी आल्यावर रात्री दिव्याखाली ते कापड पुन्हा चाचपून पाहिले, तेव्हा एका संपूर्ण समाजाच्या आयुष्यात काय बदलले आहे, ते या दोन धाग्यांतच हाताला लागते, असे वाटले.

गद्दी लोकांचे वर्ष मेंढ्यांच्या पावलांनी मोजले जाते. हिवाळ्यात कळप कांगडा, ऊना, हमीरपूर, बिलासपूर या बाजूच्या खालच्या टेकड्यांवर असतात. वसंतात ते चढू लागतात आणि मे-जूनमध्ये धौलाधारची डोंगररांग ओलांडतात. जालसूसारख्या सोप्या खिंडीतून काही जातात, तर काही ४,३४२ मीटर उंचीच्या इंद्रहार खिंडीतून. वाटेत भरमौरकडची गावे लागतात, तिथे काही दिवस थांबून पुढे कित्येक कळप पाच हजार मीटरच्या आसपास असलेली कुगती खिंड चढून लाहौलात उतरतात. तिथल्या उंच कुरणांवर पावसाळा काढून सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीची वाट धरतात. कळपाला ते ‘धण’ म्हणतात आणि पगारावर ठेवलेल्या गड्याला ‘पुहाल’. अंगात पांढऱ्या लोकरीचा घेरदार चोळा, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढ्यांवर वेढे. त्या दोरामुळे चोळ्याचा वरचा भाग पिशवीसारखा फुगतो आणि वाटेत जन्मलेले कोकरू त्यात ठेवून मेंढपाळ खिंड चढतो. निघण्यापूर्वी आणि घरच्या मंगलकार्यांत रात्रभर शिवाची पूजा होते, तिला ‘नुआला’ म्हणतात. मणिमहेशचा शिव हे त्यांचे आराध्य. तो स्वतःच त्यांच्याबरोबर फिरतो, अशी त्यांची श्रद्धा आहे.

या वर्षातले एकेक पाऊल आता अडते आहे. उंचावरच्या बर्फाआधी खालच्या टेकड्यांचा विचार केला पाहिजे, कारण माझ्या समजुतीप्रमाणे खरी कोंडी हिवाळी कुरणांत झाली आहे. आपल्याकडे कुंपणाला माजते ती घाणेरी तिथल्या चरणीच्या जमिनींवर पसरली आहे; ती खाल्ल्यास मेंढ्यांचे यकृत बिघडते, आणि तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही. वनखात्याने झाडे लावून कुंपण घातलेले तुकडे काही वर्षे चराईला बंद असतात. पूर्वी खालच्या गावांतले शेतकरी गद्दींना आग्रहाने बोलावत, कारण दोन रात्री कळप शेतात बसला की खताची सोय होई आणि मेंढपाळाला धान्य मिळे. पोत्यातले खत आल्यापासून ते बोलावणे कमी झाले. त्यात रस्त्यांवरची वाहने आणि रात्री होणाऱ्या जनावरांच्या चोऱ्या. त्या मुलाच्या वडिलांनी गेल्या हिवाळ्यात एका रात्रीत नऊ शेळ्या गमावल्या, आणि ते सांगताना त्याचा आवाज असा बदलला की मी पुढचे काही विचारले नाही.

वरच्या बाजूलाही वाटा अरुंद होत आहेत. रावीच्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्प आले. कुल्लूकडच्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना १९९९मध्ये निघाली तेव्हा तिथल्या उंच कुरणांवरचे चराईचे हक्क संपले. अटल बोगदा २०२०मध्ये खुला झाल्यापासून लाहौलात वाहनांची वर्दळ वाढली. हवामानाचाही भरवसा उरला नाही. २०१८च्या सप्टेंबरात लाहौलात अवेळी एवढा बर्फ पडला की अडकलेल्या लोकांना हवाई दलाने बाहेर काढले. २००६च्या वनहक्क कायद्यात फिरत्या मेंढपाळांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पण कागदावरचा हक्क आणि बंद फाटकापुढे उभा असलेला कळप यांच्यात पुष्कळ अंतर आहे.

तरीही सगळा दोष जंगलाचा, खात्याचा किंवा हवेचा आहे, असे मी म्हणणार नाही, कारण त्या मुलाने तसे म्हटले नाही. त्याचा थोरला भाऊ बद्दीच्या औषध कारखान्यात आहे, बहीण शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे. कांगड्यातल्या गद्दींना २००२मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, शिक्षणाची आणि नोकरीची दारे उघडली, आणि मुलांना शाळेत घालायचे तर आईला एका गावात राहावे लागते. पूर्वी बायकाही कळपाबरोबर चालत, त्या आता बहुतेक घरी असतात. आणि बाई घरी राहिली की तळावरची चूल, कातणे, कोकरांची निगा हे सगळे एकट्या पुरुषावर येते. “मेंढ्यांमागे जाणाऱ्याला मुलगी देत नाहीत,” तो म्हणाला. हेच वाक्य मी फलटणच्या बाजूच्या आमच्या नातलगांकडे धनगर घरांविषयी अक्षरशः याच शब्दांत ऐकलेले आहे. त्याला स्वतःला धणामागे जायचे नाही, आणि धण विकावे असेही वाटत नाही. या दोन्ही गोष्टी तो एका दमात बोलला आणि मला त्यात विसंगती दिसली नाही.

इंदूरच्या माणसाला हा विषय परका वाटू नये. या शहराला ज्यांनी राजधानी केली त्या होळकरांचे मूळ पुरुष मल्हारराव जन्माने धनगर होते आणि त्यांचे बालपण खानदेशात मामाच्या मेंढ्या राखण्यात गेले, हे आपण राजवाड्यासमोर उभे राहून अभिमानाने सांगतो. तेवढेच नव्हे, दर हिवाळ्यात मारवाडचे रेबारी आपले शेकडो मेंढ्यांचे कळप घेऊन मालव्यात उतरतात. बायपासवरून जाताना लाल पागोटी, उंटांवर उलट्या बांधलेल्या खाटा आणि त्यांतून डोकावणारी कोकरे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहेत, आणि बहुतेकांनी गाडी अडली म्हणून हॉर्न वाजवला आहे. मीही वाजवला आहे. आता तो वाजवताना हात थांबेल.

त्याच प्रदर्शनात उत्तराखंडाचाही एक गाळा होता. तिथे मुनस्यारीकडच्या भोटिया विणकरांचे थुलमे, चुटके (जाड लोकरी पांघरुणे) आणि दन मांडलेले होते. थुलमा म्हणजे एका अंगाला लांब लव असलेली जाड गोधडीवजा चादर, आणि दन म्हणजे गाठी मारून विणलेला छोटा गालिचा. भोटिया दनाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. विणीचे काम अप्रतिम होते, पण सूत बाजारातून आणलेले होते आणि गाळेवाल्या बाईंनी ते सांगितलेही. तिथली गोष्ट गद्दींपेक्षा वेगळी आहे, कारण त्यांचा फिरस्तेपणा एका घावात तुटला. मिलम, नेलंग, जादुंग अशा उंच गावांतले लोक शतकानुशतके उन्हाळ्यात तिबेटात जाऊन धान्य, गूळ, कापड देत आणि मीठ, टाकणखार, लोकर आणत. पाठीच्या दोन्ही बाजूंना लहान पिशव्या लादलेल्या मेंढ्या-शेळ्यांचे तांडेच तो माल वाहून नेत. १९६२च्या युद्धात सीमा बंद झाली आणि तो व्यापार थांबला. नेलंग-जादुंगचे लोक बगोरी आणि डुंडा इथे येऊन राहिले. मिलम ओस पडत गेले. लोकर वाहणाऱ्या मेंढ्यांनाच काम उरले नाही, तेव्हा त्या कोण पाळणार? हात मात्र विणायचे विसरले नाहीत. त्या बाईंकडून मी एक छोटा दन घेतला आणि तो आमच्या देवघरापुढे आहे.

तिसऱ्या एका गाळ्याविषयी मात्र सावध करणे भाग आहे. तिथे ‘शुद्ध पश्मिना’ असे ठळक अक्षरांत लिहून १,५०० रुपयांना शाली विकल्या जात होत्या आणि लोक रांगा लावून घेत होते. पश्मिना लडाखच्या चांगथांगात, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, चांगपा लोकांच्या शेळ्यांच्या अंगावर हिवाळ्यात उगवतो. वसंतात तो फणीने विंचरून काढतात. एका शेळीपासून वर्षाला साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम कच्ची लोकर निघते, आणि भरड केस वेगळे केल्यावर ती आणखी घटते. एवढ्यातून हाताने कातलेली, हाताने विणलेली शाल १,५०० रुपयांत देणे कोणालाही शक्य नाही. शिवाय चांगपाही कमी होत आहेत. चांगथांगातल्या खरनाकची पुष्कळ कुटुंबे जनावरे विकून लेहजवळच्या वस्तीत राहायला आली आहेत. अशा वेळी त्यांच्या मालाचे नाव भलत्याच कापडाला लावणे हे ग्राहकाच्या फसवणुकीपेक्षाही त्या लोकांवर अधिक अन्याय करणारे आहे. मी त्या विक्रेत्याला हे सांगितले, त्याने दुसऱ्या ग्राहकाकडे तोंड फिरवले.

माझ्या कांबळ्याच्या उणिवा अशा. तिसऱ्या आठवड्यात मधली शिवण वीतभर उसवली. जोडायला वापरलेला दोरा नायलॉनचा होता आणि तो लोकरीला धरून राहत नाही. आत्याने काळ्या लोकरीने ती पुन्हा शिवली, त्यानंतर काही तक्रार नाही. लांबी सांगितली होती त्यापेक्षा चार बोटे कमी भरली, ते मी सोडून दिले. विणीत जागोजागी गवताची काटेरी बीजे अडकलेली आहेत. त्यातले एक आत्याच्या तळहातात घुसले आणि ते मी चिमट्याने काढले. मी ते कागदात गुंडाळून जपून ठेवले आहे. मुलाला फोनवर विचारले तेव्हा त्याने सांगितले की ही वसंतात कातरलेली लोकर आहे, हिवाळाभर खालच्या झुडपांतून फिरल्यामुळे तिच्यात कुसळे राहतात; वरच्या कुरणांवरून उतरल्यावर शरदात कातरतात ती लोकर स्वच्छ असते. कांबळ्याबरोबर निगा राखण्याची सूचना दिलेली नव्हती. थंड पाण्यात रिठ्याने धुवावे, पिळू नये, सावलीत आडवे पसरून वाळवावे, आणि ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. घोंगडीची निगा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवे काही नाही. यंत्रात घालू नये, ते आटून निम्मे होईल.

किमतीचा हिशेबही मांडून पाहावा. एक गद्दी मेंढी वर्षाला जेमतेम एक-सव्वा किलो लोकर देते, आणि धुतल्यावर तिच्यातले तेल-माती जाऊन ती घटते. म्हणजे दोन्ही धागे घरचे असते, तर या एका कांबळ्यात चार मेंढ्यांची वर्षभराची लोकर लागली असती. तरीही कच्च्या लोकरीला बाजारात इतका कमी भाव मिळतो की मेंढपाळाचे घर आता लोकरीवर चालत नाही, मांसासाठी विकल्या जाणाऱ्या बोकड-मेंढ्यांवर चालते. बाहेरून येणारी मऊ मेरिनो लोकर शालवाल्यांनाही हवी असते, आणि देशी लोकरीला ‘टोचते’ म्हणून नकार मिळतो. म्हणूनच माझी शिफारस स्पष्ट आहे: या गाळ्यांवर गेलात तर मऊ मालाकडे हात जाण्याआधी भरड मालाला हात लावा, कोपरा उलटा करून दोन्ही धागे चाचपा, आणि लोकर कुठल्या कळपाची, कोणी कातली, हे विचारा. जो विक्रेता उत्तर देईल, त्याच्याशी घासाघीस करू नका. मी सुरुवातीला चारशे रुपये कमी करायला सांगितले होते, ते आठवून मला वाईट वाटते.

दोन्ही धागे घरचे असलेले एक कांबळे मला हवे आहे, असे मी त्याला फेब्रुवारीत कळवले. त्याने दोन दिवसांनी, आईशी बोलून, उत्तर दिले. जूनपासून वडील लाहौलात असतील, तिथे फोन लागत नाही. शरदात उतरल्यावर कातरणी होईल, त्या लोकरीचे सूत वडील खाली येताना वाटेवर कातत आणतील, आणि उरलेले आई आणि मावशी हिवाळ्यात कातून देतील, मावशीच्या डोळ्यांचे ऑपरेशन नीट झाले तर. ८,००० रुपये सांगितले, मी मान्य केले. आगाऊ रक्कम घ्यायला त्याने नकार दिला. लोकर अजून मेंढ्यांच्या अंगावर आहे, असे त्याचे म्हणणे होते.